वाटसरू, वारकरी, कापडी

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रस्तुत लेखक नुकताच महाविद्यालयात मराठीचा अध्यापक म्हणून रुजू झाला होता आणि दुपारचे तास संपले की आपल्या वाचनालयाच्या वाचनकक्षात येऊन बसत होता. खिडकीजवळच्या लांब टेबलावर तेव्हा चार-पाच सेवानिवृत्त सभासदांचा नित्याचा बैठा असे. पुण्या-मुंबईकडची रविवारची वृत्तपत्रे ग्वाल्हेरला एक-दोन दिवस उशिरा पोहोचत. ती आली की पुरवणीतले शब्दकोडे मधोमध ठेवून ही मंडळी सोडवायला बसत. वृत्तपत्रावर कोणी काही लिहू नये असा नियम असल्यामुळे चौकोन वेगळ्या कागदावर उतरवून घेतले जात. तो नियम तिथे कसोशीने पाळला जाई.

एका मंगळवारी कोडे एका शब्दापाशी अडले. सूचना अशा आशयाची होती : गंगोदक घेऊन दूरवर पायी जाणारा यात्रेकरू, तीन अक्षरे. पहिले अक्षर ‘का’, शेवटचे ‘डी’, मधला चौकोन रिकामा. डाक खात्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध सभासद होते, त्यांना आम्ही सारे नाना म्हणत असू. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “कावडी. दुसरे काय असणार?” समोर बसलेले अण्णा आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “नाना, मला वाटते कापडी.” नाना हसले. “अण्णा, कापडी म्हणजे कापडाचा. यात्रेकरूचा आणि कापडाचा संबंध काय?”

रिकाम्या चौकोनातून खाली जाणारा उभा शब्द निर्णय देईल असे सर्वांना वाटले. त्याची सूचना होती : प्रवासातला मुक्काम, तीन अक्षरे. नानांनी ‘वसती’ लिहायला सांगितले, अण्णांनी ‘पडाव’. दोन्ही शब्द चौकोनांत चपखल बसत होते. ‘वसती’ घेतले की ‘कावडी’ खरे ठरे आणि ‘पडाव’ घेतले की ‘कापडी’. अखेर अण्णा म्हणाले, “कोश आणा.”

त्या दुपारी कपाटातून निघालेल्या कोशाची गोष्ट पुढे येईलच. त्या एका चौकोनाने मला मात्र कायमचा छंद लावला. पायी दूर जाणाऱ्या माणसाला मराठीने किती नावे दिली, ती का दिली आणि त्यांपैकी आपल्या वाट्याला कोणती आली, हे मी तेव्हापासून टिपत आलो. शताब्दीच्या या ग्रंथात त्यातले थोडे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम कोड्याविषयी दोन शब्द. आज घरोघरी पोहोचलेले शब्दकोडे तसे फार जुने नव्हे. आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. पुढे हा खेळ इंग्लंडमार्गे आपल्याकडे आला आणि देशी भाषांत रुजला. बक्षिसांच्या कोड्यांचे वेड तर इतके वाढले की, १९५५ मध्ये केंद्र सरकारला त्यासाठी कायदा करून महिन्याकाठी एकूण बक्षिसाची मर्यादा एक हजार रुपये ठरवावी लागली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे त्या कायद्याचा वाद आला, तेव्हा निव्वळ नशिबाचा खेळ आणि बुद्धिकौशल्याची स्पर्धा यांत न्यायालयाने भेद केला. बक्षिसे गेली, तरी कोडे टिकले. कारण लोकांना त्याची खरी गोडी लागली होती.

इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक वर्ण बसतो, मराठीत मात्र काना-मात्रा-जोडाक्षरासह अख्खे अक्षर बसते. ‘पांथस्थ’ लिहिताना पाच व्यंजने लागतात (एक अनुस्वाराच्या रूपाने), पण चौकोन लागतात तीनच. यामुळे मराठी कोडी आटोपशीर होतात, पण फसवीही होतात. पायी दूर जाणारा, चार अक्षरे, पहिले अक्षर ‘वा’, एवढेच सांगितले तर ‘वाटसरू’ही बसतो आणि ‘वारकरी’ही. शेवटचे अक्षर ‘रू’ दिले, तरी पहिले माहीत नसेल तर ‘वाटसरू’ आणि ‘यात्रेकरू’ यांत निवड करता येत नाही. कोडे सोडवणाऱ्याला हे पर्याय समान वाटतात, भाषेला तसे वाटत नाही. चालणारा का चालतो हे विचारल्याशिवाय मराठीने त्याला सहसा नाव दिलेले नाही.

‘कापडी’ हा शब्द आता व्यवहारातून गेला आहे, परंतु जुन्या मराठीत तो तीर्थाटन करणाऱ्या भिक्षेकरी यात्रेकरूसाठी येतो. संस्कृतात त्याचा पूर्वज आहे ‘कार्पटिक’. ‘कर्पट’ म्हणजे जीर्ण वस्त्र, चिंधी. ते पांघरून तीर्थोतीर्थी हिंडणारा तो कार्पटिक, आणि त्यातही गंगेचे पाणी दूरदेशी नेणारा. गंमत अशी की, आपला नेहमीचा ‘कापड’ हा शब्दही याच ‘कर्पटा’तून आला. म्हणजे यात्रेकरूचा आणि कापडाचा संबंध काय, हा नानांचा प्रश्न वाटला तितका वावगा नव्हता. फक्त त्याचे उत्तर त्यांच्या अपेक्षेपेक्षा उलट निघाले.

नानांची बाजूही दुबळी नव्हती. कावड वाहणारा तो कावडी, हे सरळ आहे. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला मुंगी घाटाने कावडी चढतात, हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगावे लागत नाही. शिवाय आपण राहतो ते उत्तर हिंदुस्थानात. श्रावणात भगव्या वस्त्रांतले काँवडिये आपल्या रस्त्यांवरून जाताना आपण दरवर्षी पाहतो. नानांच्या कानावर आयुष्यभर तोच शब्द पडलेला होता. आपल्या मराठीवर शेजारच्या हिंदीची अशी छाया पडत असते. त्यात वाईट काही नाही, परंतु त्या छायेखाली आपलाच एखादा जुना शब्द दिसेनासा होतो, एवढे ध्यानात ठेवावे.

गंगेची कावड म्हटली की पैठणच्या एकनाथांची आख्यायिका आठवते. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगोदक नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. ही कथा नाथांच्या करुणेसाठी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण ती ऐकणाऱ्या पिढ्यांना आणखी एक गोष्ट न सांगता कळत होती. काशी ते रामेश्वर हे अंतर खांद्यावर ओझे घेऊन चालणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. मोटारीतून तीर्थयात्रा करणाऱ्या आपल्याला त्या त्यागाचे मोल अर्धेच कळते.

या परंपरेतला एक कापडी तर आपल्या ग्वाल्हेरच्या ओढीनेच घराबाहेर पडला होता. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. घर कर्जात बुडालेले होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि विद्वान ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार आहे, अशी वार्ता कोकणापर्यंत पोहोचली होती. महूच्या आसपास ते पोहोचतात तोच बंडाचा वणवा पेटला. पुढची वाट त्यांना लढायांच्या आणि लुटालुटीच्या मधून काढावी लागली. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. कमावलेले धन वाटेत लुटले गेले. दोन वर्षांहून अधिक काळाने ते घरी परतले तेव्हा द्रव्य हाती नव्हते, पण खांद्यावर गंगोदकाची कावड होती, आणि त्या पाण्याने त्यांनी आपल्या आईवडिलांना स्नान घातले.

विष्णुभटांनी हा वृत्तान्त पुढे लिहून काढला. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी तो संस्कारित करून १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये सिद्ध केली. वैद्य हे काही काळ ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश होते, हे आपल्या वाचकांना आवर्जून सांगण्याजोगे आहे. सत्तावन्नच्या धामधुमीचे एका सामान्य मराठी माणसाने लिहिलेले हे चित्र आपल्याला लाभले याचे कारण असे की, तो माणूस पायी चालत होता. पालखीतून किंवा घोड्यावरून जाणाऱ्याला वाटेवरची धर्मशाळा, विहीर आणि भीती इतक्या जवळून दिसली नसती.

चालणाऱ्यांचा दुसरा वर्ग पोटासाठी चालणाऱ्यांचा, म्हणजे जासूद, काशीद आणि हरकारे यांचा. तिन्ही शब्द बाहेरून आले. ‘जासूद’ हा अरबी ‘जासूस’ होय. मूळ अर्थ हेर, मराठीत अर्थ झाला निरोप्या. बातमी नेणारा आणि बातमी काढणारा यांत राज्यकर्त्यांना फारसा फरक वाटत नसावा. ‘काशीद’ हा अरबी ‘कासिद’, म्हणजे दूत. तो आता मुख्यतः आडनाव म्हणून उरला आहे. ‘हरकारा’ फारसी, ‘हर’ आणि ‘कार’ मिळून, पडेल ते काम करणारा. महत्त्वाचा कागद बहुधा जासुदांच्या जोडीबरोबर रवाना होई. वाटेत एक आजारी पडला किंवा मारला गेला तरी दुसऱ्याने पुढे जावे, हा त्यातला हिशेब. आपण पेशवे दप्तरातली पत्रे वाचतो तेव्हा लिहिणाऱ्याचे नाव असते, ज्याला लिहिले त्याचेही असते. ज्यांच्या पायांवर ते पत्र गेले त्यांचे नाव क्वचितच आढळते.

पानिपतचा घात १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. नानासाहेब पेशवे तेव्हा सैन्यासह उत्तरेकडे येत होते आणि भेलशापर्यंत, म्हणजे आजच्या विदिशेपर्यंत, पोहोचले होते. दक्षिणेकडे निघालेल्या एका सावकारी जासुदाजवळचे पत्र त्यांच्या हाती लागले. त्यात मोती आणि मोहरा यांच्या व्यापारी सांकेतिक भाषेत सेनापतींच्या आणि सरदारांच्या मृत्यूचा हिशेब होता. एका साम्राज्याच्या दुर्दैवाची वार्ता त्याच महिन्यात एका पादचाऱ्याच्या कमरेला बांधून भेलशापर्यंत आली. बातमी कोड्यात होती आणि ती नेणाऱ्याला बहुधा तिचा अर्थ ठाऊक नव्हता. वाचनकक्षात मी हा प्रसंग एकदा सांगितला, तेव्हा डाक खात्यात उमेदीची वर्षे घालवलेले नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आम्हीही कधी पाकीट फोडून पाहिले नाही.”

आता ‘वाटसरू’ आणि ‘वारकरी’. ‘वाट’ हा शब्द संस्कृत ‘वर्त्मन्’पासून आला. वाटसरूला वाट असते, पण कोणत्या गावाला जायचे ते शब्द सांगत नाही. तो एकदा येतो आणि पुढे जातो. ‘वारकरी’ याच्या नेमका उलट. ‘वार’ म्हणजे खेप, पाळी, हाच शब्द ‘वारंवार’मध्ये आहे. नेमाने, पुन्हा पुन्हा करायची ती वारी आणि ती करणारा तो वारकरी. एकदा पंढरपूरला जाऊन आलेला माणूस यात्रेकरू ठरतो. वारकरी होण्यासाठी त्याला परत परत जावे लागते. कोड्याच्या चार चौकोनांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसतात, आयुष्यात बसत नाहीत.

वारीचा आणि ग्वाल्हेरचा संबंध आपल्यातील पुष्कळांना माहीत नसतो. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या स्वतंत्र सोहळ्याला १८३२ च्या सुमारास आजचे रूप दिले ते हैबतबाबांनी. हैबतराव पवार हे सातारा जिल्ह्यातील आरफळचे, आणि नोकरी होती शिंदे सरकारची, ग्वाल्हेरला. परंपरा असे सांगते की, गावी परतत असता सातपुड्यात भिल्लांनी त्यांना पकडून गुहेत कोंडले, तिथे त्यांनी अखंड हरिपाठ म्हटला, आणि सुटका झाल्यावर घरी न राहता ते आळंदीस माऊलींच्या चरणी गेले. आळंदीच्या समाधिमंदिराच्या महाद्वाराची पायरी आजही हैबतबाबांच्या नावाने ओळखली जाते. तिला मान असतो.

हैबतबाबांना सोहळ्यासाठी घोडे, तंबू वगैरे साहाय्य मिळाले ते बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. माऊलींचे अश्व आजही अंकलीहून पायी चालत आळंदीला येतात. शितोळे हे नाव आपल्या लष्करातल्या रहिवाशांना नवे नाही. पालखीची आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाटचाल बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. तिची बरीचशी भाषा फौजेची आहे. पालखीचा मुक्काम तो ‘तळ’. शिस्त राखणारा तो ‘चोपदार’. दिंड्यांना क्रमांक असतात, काही रथापुढे, काही रथामागे. कर्णा वाजल्यावाचून पालखी हालत नाही. शिंद्यांच्या फौजेत उमेदवारी केलेल्या माणसाने भक्तीच्या चालीला लष्करी शिस्त लावली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. उलट दिशेनेही शब्द गेले आहेत. ‘पाईक’ म्हणजे पायदळाचा शिपाई, पण विठ्ठलाच्या सेवकालाही तोच शब्द लागला आणि तुकोबांनी तर पाइकीचे स्वतंत्र अभंगच रचले.

तळ म्हटला की पुन्हा ‘पडाव’ या उभ्या शब्दाकडे येणे भाग आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपला तळ दिला. तो हललाच नाही. राहुट्यांच्या जागी घरे आली, घरांचे मोहल्ले झाले आणि शहराला नाव पडले ‘लष्कर’. शिंद्यांची छावणी, कंपू, जिन्सी, फाळके बाजार ही नावे आपण रोज पत्त्यांत लिहितो. ती सारी एका चालत्या फौजेच्या मुक्कामाची नावे आहेत. आपले पूर्वज कोणी शिपाई म्हणून आले, कोणी कारकून, कोणी पुजारी, कोणी आचारी. आगगाडी त्या काळी नव्हती. दख्खनपासून इथवर बहुतेकांनी नर्मदा ओलांडून पायीच वाट तुडवली असणार. आपली वसाहत ही मुळात वसती नव्हे, पडाव आहे.

वाचनकक्षातल्या त्या वादाचा निकाल पुढच्या रविवारच्या अंकात लागला. उत्तर होते पडाव आणि कापडी. पण आम्हाला ते त्याच मंगळवारी कळले होते. दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. तो आपल्या संग्रही होता. ‘क’ अक्षराचा खंड ग्रंथपालांनी दोन्ही हातांनी आणून टेबलावर ठेवला. अण्णांनी पान काढले, नानांनी चष्मा पुसून नोंद वाचली, पुन्हा वाचली आणि खिशातली पेन्सिल काढून समासात एक बारीकशी खूण केली. ग्रंथपाल बघतच राहिले. ज्या माणसाने वृत्तपत्राच्या चौकोनात कधी एक अक्षर लिहिले नाही त्याने चक्क कोशात खूण केली होती! नानांनी स्वतःच दंडाची रक्कम विचारली आणि ती भरून पावती खिशात ठेवली.

नाना गेले, अण्णाही गेले. लांब टेबल आहे, बैठा नाही. शब्दकोडी आता मोबाईलवर सुटतात आणि अडले तर उत्तरही तिथेच मिळते. त्याबद्दल तक्रार करणे व्यर्थ आहे. माझे विद्यार्थी हुशार आहेत. मात्र त्यांच्यापैकी ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते तेही ‘वाटसरू’ला ‘राहगीर’ म्हणतात, आणि ‘पडाव’ हा शब्द त्यांना हिंदीच वाटतो. त्यांना मी दोष देत नाही. शब्द टिकण्यासाठी तो कोणीतरी कोणाला तरी विचारावा लागतो. एकट्याने सोडवलेल्या कोड्यात “दुसरे काय असणार?” असे म्हणणारे कोणी नसते आणि “मला वाटते” असे म्हणणारेही कोणी नसते.

शताब्दीच्या निमित्ताने वाचनालयात ग्रंथमोजणी झाली. त्या कामात थोडा हातभार लावण्याची संधी मला मिळाली. जीर्ण म्हणून काढून टाकावयाच्या पुस्तकांच्या यादीत ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे दोन खंड होते. शिवण सुटलेली, कडा झडलेल्या, एकाची पाठ वाळवीने पोखरलेली. यादी करणाऱ्यांनी नियमाप्रमाणेच काम केले होते. कित्येक वर्षांत ते खंड कोणी मागितल्याची नोंद नव्हती. कोशाच्या छायाप्रती आता संगणकावर मिळतात, असेही कोणी सुचविले. तेही खरेच आहे.

तरीही माझी कार्यकारी मंडळास आणि सभासदांस नम्र विनंती आहे की, हे खंड काढून टाकू नयेत, त्यांची नव्याने बांधणी करावी. खर्चाचा भार काही सभासद मिळून उचलू शकतील, त्यात मी आहेच. संगणकावरच्या प्रतीत ‘कापडी’ मिळेल, अर्थही मिळेल. पण शंभर वर्षांचे वाचनालय म्हणजे केवळ पुस्तकांचा साठा नव्हे. या पुस्तकांपाशी कोण कोण येऊन थांबले, कशासाठी भांडले आणि कोणाचे म्हणणे शेवटी मान्य केले, याचीही ती नोंद आहे. यादीतला ‘क’चा खंड मी उघडून पाहिला. पान पिवळे पडले आहे, पण समासातली पेन्सिलची खूण अजून वाचता येते.